मदत हवी आहे: रोटरी इंजिनाच्या विमानात चढताना तेल तापते

अमेरिकेत प्रायोगिक वर्गात नोंदवलेल्या माझ्या दोन आसनी, घरी बांधलेल्या विमानात माझदाचे १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेले) असून प्रोपेलरचा वेग कमी करणारा २.८५ : १ गिअरबॉक्स आहे. पाण्याचे तापमान ८५ अंश सेल्सिअसवर स्थिर राहते. मात्र उन्हाळ्यात पूर्ण शक्तीवर चढताना तेल ११० अंशांपर्यंत जाते आणि समतल उड्डाणात ९० वर उतरते. या इंजिनाचे रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे हे दुर्लक्ष करण्याजोगे मुळीच नाही. तापमापकाचा सेन्सर उकळत्या पाण्यात तपासला आहे, तेल थंड करणाऱ्या कूलरभोवतीच्या फटी बुजवल्या आहेत आणि तेलाचा दाब योग्य आहे. मोठ्या कूलरला काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) जागा नाही. अशा स्थितीत आधी हवा बाहेर पडण्याच्या मार्गावर काउल फ्लॅप (उघडमीट करता येणारी झडप) बसवावा, की कूलरपुढचा डक्ट (हवा आत आणणारी वाहिनी) हळूहळू रुंदावत जाईल असा नव्याने बनवावा?