मदत हवी आहे: समुद्रावर चित्र काढताना आकाशात डाग पडतायत

माडाची सावली (धागा यांचा):
नमस्कार, घाईत लिहितेय. मालवणला मामाकडे आलेय, दांडीच्या किनाऱ्यावर रोज सकाळी चित्राला बसते आणि रोज आकाशाची वाट लागते. डागच डाग. पुण्यात असं कधी झालं नव्हतं. चित्र मामाच्या होडीचं आहे, ती पावसाळ्यानंतर विकायची ठरलीय, १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधीच ती वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतील, मग कसली दिसतेय. चार सकाळी उरल्यात फक्त. तीन कागद वाया गेले. काय करू?

जुना ब्रश:
वाळू! ऑइल ओलं असतं तेव्हा हमखास चिकटते. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७० मध्ये त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेलं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण अजून अडकलेले आहेत. वाऱ्याकडे पाठ करून बसा.

माडाची सावली:
ऑइल नाही, वॉटरकलर. आणि वाळू नाहीये, बोट फिरवून बघितलं, कागद गुळगुळीत लागतो.

अलिबागचा मी:
उन्हात बसताय ना? आपल्या किनाऱ्यावर सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीवरून थेट कागदावर येतं, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एका बाजूने वाळतो, एका बाजूने ओला, मग कडा पडणारच. शिवाय उन्हात रंग फिके वाटतात म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरात नेल्यावर चित्र काळपट दिसतं, माझी सगळी पहिली चित्रं अशीच गेली. छत्री घ्या, पांढरी किंवा राखाडी, लाल-निळी नको, तिची झाक कागदावर पडते. स्टँडला दगड भरलेली पिशवी लटकवा नाहीतर वारा सगळंच नेईल.

दुपारचा चहा:
एवढा त्रास कशाला? फोटो काढा, पुण्यात एसीत बसून रंगवा.

अलिबागचा मी:
फोटोत सावल्या काळ्या येतात हो. होडीच्या सावलीत वाळूवरून उसळलेला जो उजेड असतो तो फोटोत नसतो, तोच तर काढायचा असतो.

दुपारचा चहा:
चांगल्या कॅमेऱ्यात येतो. मी दहा वर्षं फोटोवरूनच काढतोय.

माडाची सावली:
कृपया भांडू नका. मला तिथेच बसून काढायचंय, लहानपणी त्या होडीत बसलेय मी. छत्री आहे, पांढरीच आहे, तरी डाग पडतात.

वेंगुर्लेकर:
पाणी खंयचा वापरतस? बावडीचा मचूळ आसात तर मीठ आसतला त्यात. रंग ओलो असताना मीठ पडला काय चांदण्या उमटतत.

माडाची सावली:
अरे हो, मामाच्या विहिरीचं! मचूळच आहे. उद्या बाटलीबंद नेते.

तिथीवाला:
भरतीची वेळ बघून बसता ना? तिथीची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, साधारण तेव्हा पूर्ण भरती. दिवसाला ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते.

पाणरंग:
थांबा, कोणीच मुख्य गोष्ट विचारली नाही. डाग फिके आहेत की गडद? मिठाने रंग ओढला जाऊन फिकी चांदणी पडते. गडद ठिपके असतील तर कारण वेगळं. आणि कागद कुठला, कधीचा?

माडाची सावली:
गडद. टाचणीच्या डोक्याएवढे, वॉश दिला की लगेच उठतात. कागद चांगला आहे, ३०० जीएसएम कॉटन, म्हणजे जाड सुती. चार वर्षांपूर्वी इथेच मामाच्या कपाटात ठेवला होता, दर वेळी आणायला नको म्हणून.

पाणरंग:
मग कागद मेलाय. कागदात सरस असतो, साईझिंग म्हणतात ते, त्यामुळे पाणी वर तरंगतं आणि आपल्याला वॉश फिरवायला वेळ मिळतो. चार पावसाळे दमट कपाटात राहिला तर तो सरस जागोजागी जातो, तिथे कागद टीपकागदासारखा रंग पितो आणि ठिपका उठतो. खात्री करायची तर कोऱ्या तुकड्यावर साधं पाणी फिरवा आणि तिरपं धरून बघा, गेलेल्या जागा लगेच काळपट दिसतील.

जुना ब्रश:
जिलेटिनचं पातळ पाणी दोन्ही बाजूंनी लावलं की कागद परत जिवंत होतो, मी केलंय.

पाणरंग:
मे महिन्यात मालवणच्या हवेत तो वाळणार कधी आणि वाकडा न होता वाळणार कसा? त्यांच्याकडे चार सकाळी आहेत. नवा कागद मागवा, एसटी पार्सलने कोणीतरी पाठवेल, आणि आल्यावर प्लास्टिकमध्ये हवाबंद ठेवा. तोवर जुन्या कागदावर पोस्टर कलर नाहीतर तेलखडू चालवा, त्यांना सरस गेल्याचा फारसा फरक पडत नाही.

दुपारचा चहा:
दांडीला जेवायचं कुठे? आम्ही पुढच्या आठवड्यात येतोय.

माडाची सावली:
पाणी फिरवून बघितलं. सगळ्या कागदावर गोवर उठल्यासारखं दिसलं. बाटलीबंद पाण्यानेही तसंच, म्हणजे मीठ नव्हतं. भाऊ कोल्हापूरहून आजच्या रात्रीच्या गाडीत चार कागद टाकतोय. उद्या तेलखडूंनी होडीचा नुसता पुढचा भाग आणि खालची सावली काढते, परवा वॉटरकलर. मामा म्हणाला शाकारायचं दोन दिवस पुढे ढकलतो.