आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ, घरात काय करायचं आणि काय नको?

वाडीवरचा_वसईकर:
नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे, नंदाखालच्या बाजूला वाडी आहे. आई जूनमध्ये गेली. दादा म्हणतो दुखवट्याचं वर्ष आहे, यंदा स्टार नको नि फराळ नको, 24 च्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनेला) जाऊन यायचं बस. बहीण म्हणते पोरांनी काय पाप केलंय, बाहेरून केक मागवू, लायटिंग करू, घर सुनं नको दिसायला. मला दोघांचं कळतं पण पटत कुणाचंच नाही.

आईचा नाताळ म्हणजे खर्च असा काही नव्हताच हो. पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरून तिच्या खाटेखाली ठेवायची, अंधारात कोंब पिवळे लांब निघायचे मग उन्हात सरकवली की हिरवी व्हायची, तेच गोठ्यातलं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातलं गवत. स्टारला बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि मैद्याची खळ. कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड पदार्थ, करायच्या दिवशी सगळ्यांना चटईवर बसवून हातात एकेक नवा कोरा कंगवा द्यायची, पीठ त्यावर दाबून वळायचं, आणि तळून झाल्यावरसुद्धा बरोबर सांगायची ही तुझी, ही दादाची, कारण दादा जोरात दाबायचा. हे सगळं एकदम बंद केलं तर आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल असं वाटतंय.

तर दुखवट्यात गोठा चालतो का? आणि नाचणी नेमकी कधी पेरायची? आईला विचारायचं राहूनच गेलं.

वेंगुर्ल्याची_लेक:
दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. गाणीबजावणी, फटाके, पार्टी नको हे बरोबर, आमच्याकडेपण तसंच पाळतात. पण गोठा ही सजावट नव्हेच. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चोमध्ये गोठ्याचा देखावा मांडला तेव्हा गव्हाणीत गवत आणि बाजूला खराखुरा बैल नि गाढव, एवढंच तर होतं. दुखवट्याच्या घराला याहून साजेसं काय असणार? बिनधास्त करा, हवंतर लाइटच्या माळा नका लावू, एक पणती पुरे. तरी तुमच्या मोठ्या भावाच्या समाधानासाठी फादरना एकदा विचारून घ्या.

नाचणी रात्रभर भिजवून 12-13 तारखेला पेरा, पाणी नुसतं शिंपडायचं, ओतलंत तर कुजते.

आमचे पप्पा गेले त्या वर्षी आम्ही सगळं सोडलं, फक्त दोदोल केला. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, आणि तीन-चार तास ढवळणं, हात थांबला की खाली लागलंच. पप्पा ढवळताना बोटीवरच्या नोकरीच्या गोष्टी सांगायचे. त्या वर्षी आम्ही भावंडांनी पाळी लावून ढवळला आणि ज्याची पाळी त्याने पप्पांची एक गोष्ट सांगायची असं आपोआप होत गेलं, माझ्या धाकट्या भावाला अशा गोष्टी माहीत होत्या ज्या मी कधी ऐकल्याच नव्हत्या.

आगाशीकर:
मी हिंदू, शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. आमच्यात दुखवट्याच्या घरी फराळ करत नाहीत पण म्हणून त्या घरातली पोरं उपाशी नसतात, नातेवाईक नि शेजारी ताटं पाठवतात. आजोबा गेले त्या दिवाळीला पहिलं ताट शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून आलं होतं, करंज्या त्यांनी आमच्याच आजीकडून शिकलेल्या. आम्ही नाताळला त्यांच्याकडे सुकेळी (सुकवलेली केळी) द्यायचो, ताट रिकामं परत जायचं नाही कधी. तुमचे शेजारी विचारतील काय आणू, तेव्हा संकोचाने काही नको म्हणू नका. आणू द्या.

कोर्लई_किनारा:
एकच सांगतो. घरात अजून मावशी, आत्या, कुणी म्हातारं माणूस असेल तर या नाताळात फोन समोर ठेवून बोलतं करा. आमच्या कोर्लई गावातून पोर्तुगीज 1740 मध्ये गेले तरी त्यांच्या भाषेची नि मराठीची मिसळ होऊन झालेली आमची नोलिंग बोली अजून बोलतात, पण माझ्या पोराला ती धड येत नाही. आजीचं एकच रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, बारा मिनिटांचं, मध्ये कुकरची शिट्टी पण आहे. दर नाताळला मिस्सेहून आलो की तेवढं लावतो आणि सगळे गप्प बसून ऐकतात, पोरगासुद्धा.

वाडीवरचा_वसईकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सगळं दादाला वाचून दाखवलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून माळ्यावरून आईचे डबे काढून आणले. एकात गेल्या वर्षीची माती तशीच होती. गोठा करतोय, स्टार नाही. बहिणीला सांगितलं कुलकुल पोरांकडूनच वळून घेऊ, ती कंगवे आणतेय. मोठी मावशी निर्मळला असते, 84 वर्षांची आहे, तिला रविवारी घेऊन येतो.

वेंगुर्ल्याच्या ताई, एक किलो पिठाला गूळ नि नारळ किती घ्यायचे तेवढं लिहा ना, आमच्याकडे दोदोल कधी केलेला नाही.