ई-पोर्टफोलिओ म्हणजे परीक्षेला पर्याय की आणखी एक रकाना?

खवचट_मास्तर:
कालचा तो 'परीक्षा बंद करा, प्रत्येकाचा ई-पोर्टफोलिओ (म्हणजे मुलाच्या कामांचा ऑनलाइन संग्रह) करा' वाला धागा वाचून डोकं फिरलं. म्हणे मार्कांत मूल दिसत नाही, पोर्टफोलिओत दिसतं, आणि पहिलीपासूनचं सगळं काम एका लिंकवर जन्मभर राहील. तिथे विरोधी लिहिलं की 'नकारात्मक सूर' म्हणून उडवतात, म्हणून हा वेगळा धागा.

मी हे पोर्टफोलिओ तपासतो हो. वर्षभर काम साठवत जायचं असतं, पण तारखा बघा, सगळं अपलोड शेवटच्या रात्री. प्रत्येक कामाखाली चिंतन लिहायचं, म्हणजे त्यातून काय शिकलो ते, आणि त्याला मार्क. मग येतं काय? 'या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळालं. सुरुवातीला अडचणी आल्या, पण गटाच्या सहकार्याने मी त्यांवर मात केली.' अडचण कुठली ते नाही. हेच वाक्य शब्दाशब्दाने बाकीच्यांकडेही, आणि त्यातल्या एकाचा प्रकल्प तर एकट्याचा होता, गट आणला कुठून? २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हापासून शुद्धलेखन सुधारलंय, तेवढाच फायदा.

इंद्रधनू:
सर, आजार एक आणि औषध भलत्यालाच. पोरं शेवटच्या रात्री बसतात कारण मधे कुणी उघडूनच बघत नाही. ई-पोर्टफोलिओच्या अभ्यासक हेलन बॅरेट यांनी कधीच सांगून ठेवलंय की पोर्टफोलिओला दोन तोंडं असतात, एक काम करायची जागा आणि एक दाखवायची जागा. तुम्ही फक्त दुसरं मागताय आणि पहिलं दिसत नाही म्हणून रडताय.

माझ्याकडची एक मुलगी. निबंधाचा पहिला खर्डा, त्यावर माझा शेरा 'हे तुला कुणी सांगितलं?', दुसऱ्या खर्ड्यात तो परिच्छेदच गायब, तिसऱ्यात परत आलाय पण आता आजीशी बोलून लिहिलेला. तिन्ही एकाखाली एक ठेवलेत. हे तुमच्या तीन तासांच्या पेपरात दाखवा बरं.

खवचट_मास्तर:
एक मुलगी. अख्खा वर्ग असाच आहे का?

आकडेमोड:
एका मुलीवरून धोरण ठरत नाही ताई. अमेरिकेत व्हरमॉन्ट राज्याने ९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीला लेखन-गणिताचे पोर्टफोलिओ राज्यभर लावले (तेव्हा कागदी). रँड या संशोधन संस्थेच्या लोकांनी तपासलं तर एकच पोर्टफोलिओ दोन शिक्षकांकडे दिला की गुण जुळेनात. गणितात पुढे सुधारलं, लेखनात तेवढं नाही. परीक्षा बंद करून काय तपासनिसाच्या मूडवर सोडणार मुलांना?

इंद्रधनू:
अर्धंच सांगायचं ही जुनी खोड. शिकवण्यात फरक पडला असं शिक्षकांनीच सांगितल्याचंही त्याच पाहणीत आहे.

आकडेमोड:
आहे. आणि कामाचा बोजा वाढला हेही त्यांनीच सांगितलंय, ते तुम्ही गाळलंत. शिकवायला उपयोगी असेल, मान्य. गुण द्यायला नाही.

झिपफाईल:
सगळे चिंतन-चिंतन करताय, पण 'जन्मभर लिंक' यावर कुणी बोलणार आहे का? माझा पोर्टफोलिओ कॉलेजच्या खात्यावर होता, पास झालो आणि काही महिन्यांत खातं बंद. त्याआधी एक्स्पोर्ट घेतलं होतं म्हणून निर्धास्त होतो. झिप उघडली तर फोल्डरभर एचटीएमएल फायली, नावं नुसते आकडे, चित्रं वेगळीकडे, व्हिडिओच्या जागी करडा चौकोन आणि सरांच्या कमेंट्स गायब! त्या कमेंट्ससाठीच तर ठेवायचं होतं. विकीस्पेसेस नावाच्या वेबसाइटवर शाळांनी वर्षानुवर्षं साठवलं, २०१८ मध्ये दुकान बंद. फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये केलेले प्रकल्प २०२० संपता संपता गेले. महारा हे ई-पोर्टफोलिओचं सॉफ्टवेअर २००६ पासून चालू आहे, शाळेच्या सर्व्हरवर टाकता येतं, पण तो सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला की संपलं. पीडीएफ काढा आणि स्वतःच्या डिस्कवर ठेवा, बाकी सगळ्या गप्पा.

इंद्रधनू:
पीडीएफमध्ये व्हिडिओ कसा ठेवणार?

झिपफाईल:
शेजारी ठेवा ना फाईल, कोण अडवतंय. एमपीफोर करा आणि नावात तारीख घाला.

रात्रपाळी:
मास्तरांचा चिंतनाचा मुद्दा मला जास्त टोचला, कारण डॉक्टरकीच्या प्रशिक्षणात आम्हाला ई-पोर्टफोलिओ सक्तीचा. चूक झाली तर प्रामाणिकपणे लिही म्हणतात. आणि ब्रिटनमध्ये काय झालं? एका मुलाच्या मृत्यूनंतर बालरोग विभागातल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर खटला झाला, २०१८ मध्ये नोंदणीच रद्द. तिने पोर्टफोलिओत लिहिलेलंच कोर्टात तिच्याविरुद्ध वापरलं. आता सांगा, कोण खरं लिहील?

आकडेमोड:
थांबा, हे अर्धवट पसरलेलं आहे. पोर्टफोलिओतली चिंतनं पुरावा म्हणून कोर्टापुढे नव्हती, असं तिचाच कायदेशीर बचाव करणाऱ्या संस्थेने नंतर स्पष्ट केलं होतं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपिलात ती रद्द केलेली नोंदणी परत मिळाली.

रात्रपाळी:
बरं बाबा, कोर्टात नव्हती. पण आमच्या वरिष्ठांनी त्याच आठवड्यात काय सांगितलं माहितीये? 'लिहिताना जरा जपून.' त्यानंतर माझ्या सगळ्या नोंदी 'संवाद आणखी सुधारता आला असता' छापाच्या. एकदा रात्री तीनला औषधाचा डोस चुकता चुकता सिस्टरांनी पकडला, त्यातून मी खरंच शिकलो. ते पोर्टफोलिओत नाही आणि कधी टाकणारही नाही. भीती वाटायला पुरावा लागत नाही.

खवचट_मास्तर:
हेच तर केव्हाचं सांगतोय! वाचणारा आणि मार्क देणारा एकच असला की माणूस नाटकच करणार.

इंद्रधनू:
मग मार्क काढा, पोर्टफोलिओ कशाला काढताय? ब्रिटनमध्येच नर्सना २०१६ पासून दर ३ वर्षांनी नोंदणी टिकवायला ५ चिंतनं लागतात, पण त्यांना गुण नसतात. दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी बसून त्यावर बोलायचं असतं, आणि लिहिताना रुग्णाची ओळख येऊ द्यायची नाही. म्हणजे कुणीतरी यावर विचार केलाय, सगळे तुमच्यासारखे रडत बसलेले नाहीत.

खवचट_मास्तर:
रडत बसलोय का? शंभर पोरांचे शंभर पोर्टफोलिओ, प्रत्येकात वीस नोंदी, एकेकाशी बसून बोलायचं, मला तास किती? तुमचे वर्ग लहान असतील, म्हणून तोंड चालतंय.

इंद्रधनू:
माझा वर्ग तुम्ही पाहिलाय का? वैयक्तिक जाऊ नका.

गृहपाठग्रस्त_आई:
आणि आमच्या लेकराचा पोर्टफोलिओ कोण करतं हे कुणी विचारणार आहे का? पहिलीतलं पोर व्हिडिओ एडिट करत नाही हो! परवा 'माझे चिंतन' मीच लिहिलं आणि बाईंचा शेरा आला, 'छान विचार केलास बाळा'. हसू की रडू.

खवचट_मास्तर:
ताई, तुम्ही एका ओळीत जे सांगितलंत ते मला वर एवढं लिहून जमलं नाही.

इंद्रधनू:
पहिलीतल्या पोराला चिंतन लिहायला सांगणारी शाळाच वेडी. पोराने चित्रावर बोट ठेवून दोन वाक्यं बोलावी, बाईंनी फोनवर रेकॉर्ड करावी, झालं. त्यात आईचं काम काय?

गृहपाठग्रस्त_आई:
तुम्ही आमच्या शाळेत या ना शिकवायला.

आकडेमोड:
थोडक्यात, खर्डे आणि शेरे ठेवा, गुण परीक्षेने द्या. इंद्रधनू, निबंधाच्या बाबतीत तुमचं ऐकतो. गणिताला नाही.

इंद्रधनू:
उपकार झाले. गणितातही खोडलेली पायरी दिसली की पोर कुठे अडलं ते कळतं, पण ते उद्या, आत्ता तपासायचे खर्डे पडलेत.

झिपफाईल:
उद्या लिहाल तेव्हा या धाग्याचीही एक प्रत काढून ठेवा. आणि त्या आजीवाल्या मुलीला आजच सांगा, खातं बंद व्हायच्या आत शेऱ्यांचे स्क्रीनशॉट घे म्हणावं.