सातवीतल्या मुलीची मान दुखते, पोक काढून बसते. मॅन्युअल थेरपीने फरक पडतो का?

प्रश्न (सातवीची आई):
मुलगी १२ वर्षांची आहे. दोन महिने झाले, शाळेतून आली की मान दुखते म्हणते, उजवीकडे जास्त, आणि अभ्यासाला बसली की सारखी मान चोळत असते. बसते पण पोक काढूनच, नाक अगदी वहीला टेकतं. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, फिजिओकडे जा म्हणाले. आता एक नातेवाईक मागे लागलेत की मान धरून कडकन मोडून देणारे असतात, एका बैठकीत मोकळी होते. मला भीती वाटते हो, लेकराची मान आहे. कुणी मुलांसाठी हाताने करायची थेरपी घेतलीय का? आणि पोक जातं का त्याने? दिवसभर "ताठ बस, ताठ बस" करून मी थकले आणि ती चिडायला लागलीय.

फिजिओ_मावशी:
ताई, मी मुलांची फिजिओ आहे. आधी महत्त्वाचं, मान मोडून घेऊ नका. तो कट् आवाज येतो ना, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात, झटक्याने त्यांना इजा झाल्याच्या केसेस आहेत, क्वचितच आहेत पण आहेत, आणि मुलांमध्ये झटक्याचा जास्तीचा काही फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, मग कशाला? डाऊन सिंड्रोमच्या मुलांना तर अजिबातच नको, त्यांचा वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो.

बाकी मॅन्युअल थेरपीत बरंच काही येतं. मानेपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंतचे स्नायू आखडलेले असतात ते हाताने मोकळे करणं, सांधा हळूहळू लयीत हलवणं, स्नायू हलका ताणून धरणं. ह्याने दुखणं कमी होतं, मान वळायला लागते. पण ह्याने पोक जात नाही. आराम काही तास, फार तर काही दिवस टिकतो, त्या वेळात व्यायाम करून घ्यायचे, खरं काम तेच करतात. हनुवटी सरळ मागे घ्यायची (खाली वाकवायची नाही), ५ सेकंद धरायची, ८-१० वेळा. दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढायचे, तेही तसंच. रोज केलं तर साधारण ६ ते ८ आठवडे द्या. आणि "ताठ बस" बंद करा प्लीज, एकच बरोबर पोझिशन अशी नसतेच. पोक आणि दुखणं ह्यांचा संबंधही आपण समजतो तितका थेट नाही, एकाच जागी तासभर न हलणं जास्त त्रास देतं. अर्ध्या तासाने उठव, पाणी आणायला पाठव, काहीही.

चष्म्याचा_बाबा:
नाक वहीला टेकतं हे वाचून लिहितोय. आमच्या मुलाचंही तेच, आम्ही महिनाभर मानेचा मसाज करत बसलो आणि निघालं काय तर नंबर! फळा दिसत नव्हता म्हणून मान पुढे काढून बसायचा. चष्मा लागल्यावर मान पुष्कळ सुटली. डोळे तपासून घ्याच.

निळी_छत्री:
पाठही बघा एकदा. दोन्ही पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा, एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखवा. कण्याचा बाजूला जाणारा बाक ह्याच वयात, उंची भराभर वाढताना वाढतो, माझ्या पुतणीचा असाच लक्षात आला. १० अंशांच्या वर असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात, तो मसाजने सरळ होत नाही.

सातवीची आई:
डोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच अपॉइंटमेंट घेते. पाठ आत्ता बघितली, दोन्ही बाजू सारख्या दिसतायत. मावशी, थेरपिस्ट बरा आहे की नाही हे ओळखायचं कसं?

फिजिओ_मावशी:
हात लावायच्या आधी प्रश्न विचारतो का बघा, पडली होती का, हात-पाय बधिर होतात का. तुम्हाला खोलीत बसू देतो का आणि मुलगी "थांबा" म्हणाली की हात थांबतो का, हे सगळ्यात आधी. घरी करायचे व्यायाम न देता नुसत्या बैठका वाढवत असेल तर दुसरा शोधा. आणि ताप येऊन मान ताठ झाली, उलट्या, हातातली ताकद गेली, चालताना तोल जातोय, दुखण्याने रात्री झोपमोड होतेय, ह्यातलं काहीही दिसलं तर थेरपी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. ताप आणि ताठ मान असेल तर सकाळची वाट नका बघू.