वजनं उचलायची तर संध्याकाळीच. पहाटेचं कौतुक पुरे

सांजवाला:
आमच्या जिममध्ये पहाटेची बॅच म्हणजे 'सिन्सिअर' आणि संध्याकाळी येणारे टाइमपासवाले. आता शरीर काय म्हणतं ते बघा. त्याचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी सर्वात जास्त. फरक जेमतेम अर्धा-एक अंशाचा, पण तेवढ्यानेही स्नायू मोकळे होतात, झटकन आवळतात. बहुतेकांची ताकद दुपारी चार ते रात्री आठच्या दरम्यान टिपेला असते. मग पहाटेचा अट्टहास कशाला?

तालमीतला:
कोल्हापुरात या आणि गंगावेस तालमीत हे बोलून दाखवा. वस्ताद काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पैलवान अंधारात उठून जोर-बैठका मारतायत. शिवाय स्नायू वाढवणारं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, सकाळीच जास्त असतं, ते बरं गाळलंत?

सांजवाला:
सकाळी कॉर्टिसॉलही, म्हणजे स्नायू झिजवणारं ताणाचं हार्मोन, चढलेलं असतं, ते तुम्ही गाळलंत. आणि संध्याकाळी टेस्टोस्टेरॉन उतरलेलं असतानाच ताकद जास्त भरते, याचं काय करायचं? बाकी पैलवान संध्याकाळीही मेहनत करतात, दादा.

फिजिओताई:
हार्मोनवरून भांडण्याआधी कंबरेचं बघा. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टम्म चकतीवर वाकताना ताण कितीतरी जास्त येतो. उभं राहून हिंडू-फिरू लागलं की पहिल्या तासाभरात बरंचसं पाणी निघून जातं. तेव्हा पहाटे जरूर जा, पण अंथरुणातून उठून थेट डेडलिफ्टच्या, म्हणजे वाकून जमिनीवरून उचलायच्या बारला हात घालू नका. आधी न वाकता होणारे व्यायाम, म्हणजे बेंच प्रेस, पुलअप्स उरका. डेडलिफ्ट शेवटी, तेही नीट वॉर्मअप झाल्यावर.

डोंबिवली फास्ट:
संध्याकाळी सहाला ताकद टिपेला असेल हो, पण तेव्हा मी लोकलच्या दारात लटकलेली असते! जिमला पोचेपर्यंत नऊ. त्यात प्री-वर्कआउट, म्हणजे व्यायामाआधीचं कॅफिनवालं पेय घेतलं तर पाच तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं, झोपायचं कधी? आणि महिनोन्‌महिने सकाळी किंवा संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांची तुलना झाली आहे. 2019 मध्ये असे अभ्यास एकत्र तपासले, तर ताकद काय आणि स्नायू काय, दोन्हीकडे वाढ साधारण सारखीच. रोज सकाळी उचलणाऱ्यांचं सकाळचं कमी पडणंही हळूहळू भरून निघतं.

सांजवाला:
फिनलंडमध्ये 24 आठवडे केलेल्या प्रयोगात संध्याकाळवाल्यांचे स्नायू जास्त वाढले होते. तेही सांगा की!

डोंबिवली फास्ट:
सांगते. त्यात वजनांबरोबर कार्डिओही होता. नुसत्या वजनांचा निकाल म्हणून तो कसा खपवता?

तालमीतला:
आणि स्पर्धेची वेळ काय आपल्याला विचारून ठरते? 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्य घेतलं. एकूण 248 किलो, तेही तिथल्या सकाळच्या सत्रात. शरीराचं वजन तर त्याच्याही दोन तास आधी घेतात.

सांजवाला:
स्पर्धेत उतरणाऱ्यांचं मान्य. इथले कितीजण उतरणार आहेत?

तालमीतला:
माझा भाचा. पुढच्या महिन्यात, शालेय जिल्हा स्पर्धेला. सकाळीच बोलावलंय, म्हणून सध्या त्याचे स्नॅचही (एका झटक्यात बार डोक्यावर उचलणं) सकाळीच चालू आहेत. फिजिओताई, चकत्यांचं त्याला आजच सांगतो.