'दातदुखीने कोणी मरत नाही' म्हणणाऱ्यांना

रानवारा: काल इथे एकाने लिहिलं की करोनाच्या साथीत दातांचे दवाखाने बंद राहिले त्यात फार काही बिघडलं नाही, "दातदुखीने कोणी मरत नाही, पेनकिलरवर दोन महिने निघतात". डोकंच फिरलं वाचून. २०२० मध्ये बाबांची खालची दाढ ठणकत होती, मी सहा दवाखान्यांत फोन लावले, दोघांनी उचलला आणि दोघांनीही गोळ्या सांगितल्या. पाचव्या दिवशी हनुवटीखाली दगडासारखी सूज, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचललेली. रात्री बाहेरून चिरा देऊन पू काढावा लागला, अजून थोडा उशीर झाला असता तर श्वासच अडला असता म्हणाले. मरतो माणूस दातदुखीने.

खिडकीजवळचा: ती कमेंट माझी. बाबांबद्दल खरंच वाईट वाटलं, पण एका केसवरून सगळ्यांना झोडपू नका. पेशंट आ वासून बसलेला, मास्क शक्य नाही, डॉक्टर वीतभर अंतरावर आणि एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, सुरू केला की पाण्याच्या फवाऱ्याबरोबर लाळेचे तुषार खोलीभर. तेव्हा लस नव्हती, एन-९५ मिळत नव्हते. डब्ल्यूएचओनेही ऑगस्ट २०२० मध्ये रुटीन कामं पुढे ढकला असंच सांगितलं होतं.

रानवारा: अर्धंच वाचलंत. त्याच मार्गदर्शनात तातडीचे उपचार चालू ठेवा असंही आहे. साफसफाई पुढे ढकलणं वेगळं आणि पू झालेल्या माणसाला दार न उघडणं वेगळं.

पांढरा कोट: मी दातांचीच डॉक्टर आहे. घरात सासूबाई डायलिसिसवर, तरी मी येत होते. इंग्लंडमध्ये २५ मार्च ते ८ जून २०२० रुटीन काम बंद होतं, पण तातडीसाठी वेगळी केंद्रं काढली होती. आम्हाला कोणी पाठवायची जागा दिली? फोनवर गोळ्या सांगण्यापलीकडे हातात काय होतं?

चष्मेवाली: या फोनवरच्या गोळ्यांबद्दलच बोलायचंय मला. तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तिन्ही वेळा चार दिवस बरं आणि परत कळ. नंतर कळलं की दाताची नस मेली की आत रक्तपुरवठाच राहत नाही, औषध पोचणार कुठून! पोट बिघडलं ते वेगळंच आणि दाढ शेवटी गेलीच.

खिडकीजवळचा: मग अँटिबायोटिक देऊच नये का? रानवारांच्या बाबांना दिलं नसतं तर काय झालं असतं?

पांढरा कोट: सूज पसरत असेल, ताप असेल तर द्यायचंच. पण पू काढणं किंवा दात काढणं हा खरा उपाय, गोळी त्याच्या जोडीला. नुसती ठणकणारी नस असेल तर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

चष्मेवाली: माहीत होतं तर दिलं का मग? तीनदा?

पांढरा कोट: मी नाही दिलं तुम्हाला! सगळ्या डॉक्टरांचा राग माझ्यावर काढू नका.

रानवारा: राग येणारच हो. साधी दाढ चिमट्याने काढायला एअरोटर लागत नाही, बरोबर ना? मग तेवढं तरी का नाही केलं?

पांढरा कोट: बरोबर आहे. बऱ्याच दाढा तशा निघतात. अडकलेल्या असतील तर हाड कापावं लागतं, पण हो, जास्त पेशंट बघता आले असते. आम्ही घाबरलो होतो.

खिडकीजवळचा: ठीक आहे, "कोणी मरत नाही" हे वाक्य मागे घेतो. तेवढंच. रुटीन कामं थांबवणं बरोबरच होतं, यावरून हलणार नाही.

चष्मेवाली: डॉक्टर, पुन्हा अशी वेळ आली तर फोनवर आधी काय सांगायचं ते तरी सांगा.

पांढरा कोट: दुखतंय किती ते नंतर. थुंकी गिळता येते का, तोंड दोन बोटं उघडतं का, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय का, ताप आहे का. गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल किंवा बाकीचं काहीही असेल तर दवाखान्याच्या फोनची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

रानवारा: यातला पहिला प्रश्न बाबांना एकानेही विचारला नाही.