मदत हवी आहे : आयात केलेल्या खेळण्यातील शिसे कसे तपासावे?
नमस्कार. भाचीसाठी घेतलेल्या, परदेशातून आयात झालेल्या एका लाकडी गाडीविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. चाकाजवळचा लाल रंग नखाने खरवडला की पापुद्र्यासारखा सुटतो, आणि तळाशी असलेल्या बटन सेलच्या कप्प्याला स्क्रूच नाही. झाकण अंगठ्याने सहज सरकते. असा सेल मुलाने गिळल्यास २ तासांच्या आत अन्ननलिकेला भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते, म्हणून तो मी लगेच काढून टाकला. (गाडी कुठे गेली, याची रोज नवी सबब सांगावी लागते, ती कसरत वेगळीच.)

प्रश्न उरतो रंगाचा. खोक्यावर ‘सीई’ चिन्ह (युरोपीय सुरक्षा नियम पाळल्याची खूण) आहे, पण बहुतेक खेळण्यांवर ते उत्पादक स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. शिवाय आयातदाराचे नाव किंवा बॅच क्रमांक कुठेही छापलेला नाही, हे मला अधिक खटकते. अमेरिकेत खेळण्यांच्या रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी आहे. एवढे अल्प प्रमाण घरगुती चाचणीच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांनी खात्रीने कळते का, की प्रयोगशाळेतच जावे लागते? तिथे खरवडलेला रंग द्यावा की अख्खी गाडी? कोणी अशी तपासणी करून घेतली असल्यास कृपया सविस्तर कळवावे.